दळण, भाजी, नारळ आणि वीस लिटरचा जार: शहरात सायकलवरून सामान कसं आणावं

आमच्या चौघांच्या घरात आठवड्याची भाजी आणि फळं मिळून आठ-नऊ किलो होतात. दळण पंधरवड्याला आठ किलो. किराणा महिन्यातून दोनदा आणला तर एका खेपेला दहा-बारा किलो. हे आकडे मी घरच्या काट्यावर तीन महिने मोजून काढले आणि त्यानंतर मंडईत जाताना स्कूटर काढायची माझी सवय सुटली. एवढं वजन साधी पोलादी कॅरियरची सायकल सहज वाहते.

लोकांना वाटतं की अडचण वजनाची आहे. खरं तर ती बांधणीची असते. शहरात दोन भरलेले गॅस सिलिंडर घेऊन फिरणारी सायकल पाहा. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे दोन मिळून साठेक किलो. त्या सायकलला खास असं काही नसतं. वाकवलेल्या सळईचे आकडे, जाड कॅरियर, मजबूत डबल स्टँड, एवढंच. मी जे शिकले ते या मंडळींच्या सायकली निरखून, आणि आमच्याकडे दूध घालणाऱ्या काकांना विचारून विचारून. तेच इथे क्रमाने सांगते.

आधी वजन करा

अंदाजावर जाऊ नका. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो पाणी आणि वर जारचं किलोभर. तीस अंड्यांचा ट्रे दीड-पावणेदोन किलो. सोललेला नारळ अर्धा ते पाऊण किलो, म्हणजे दहा नारळ घेतले की कॅरियरवर सहा-सात किलो चढले. आठवडाभर घरात काय काय येतं ते लिहून काढलं की कळतं: बहुतेक खेपा पंधरा किलोच्या आतल्या असतात.

पहिला महिना दहा किलोच्या वर जाऊ नका. सायकल वळताना, थांबताना कशी वागते ते अंगवळणी पडलं की पंधरा किलो. पंचवीस किलो ही बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कॅरियरची हद्द असते आणि ती अनेकदा कॅरियरवरच कोरलेली असते. विकत घेण्याआधी तो आकडा वाचा.

सायकल पेलेल का, हे तपासा

जुनी काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल घरात धूळ खात पडली असेल तर ती भंगारात देऊ नका. तिच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात, पुढच्याला ३२. म्हणजे ओझं मागे येणार हे धरूनच ती बनलेली आहे. लांब बैठक, जाड नळ्या, मागचं चाक उचलून धरणारं स्टँड: सामानासाठी याहून चांगलं काय हवं? मी स्वतः लेडीज सायकल वापरते. मागे सामान बांधलं की पाय मागून टाकून चढता येत नाही. लेडीज सायकलच्या खाली आलेल्या दांडीमुळे तो प्रश्नच मिटतो. शिवाय तिच्या मागच्या चाकावरचं साडीगार्ड. साडीचा पदर तारांत जाऊ नये म्हणून लावलेली ती जाळी पिशवीलाही तारांपासून वाचवते. नवीन सायकल घेतलीत तरी साडीगार्ड बसवून घ्या, पुरुषांनीसुद्धा.

गिअरची सायकल असेल तर मागच्या एक्सलजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर कॅरियरच्या स्क्रूसाठी भोकं आहेत का ते पाहा. असतील तर काम सोपं. नसतील तर नळीला पट्टीचे क्लॅम्प लावून कॅरियर बसतं, पण त्याचे पाय खाली एक्सलपर्यंत पोचलेच पाहिजेत. फक्त सीटच्या दांड्याला आवळून मागे लोंबणारं कॅरियर मी कुणालाही सुचवणार नाही. त्यावर डबा आणि रेनकोट ठीक. पाच किलो बटाटे ठेवले की ते खड्ड्यागणिक डावी-उजवीकडे फिरायला लागतं.

सायकल मेकॅनिककडे नेऊन चार कामं सांगा. मागच्या रिमचा आउट, म्हणजे डुलणं, काढायचा आणि तारा सारख्या ताणायच्या. ब्रेकचे रबर झिजले असतील तर बदलायचे. मागच्या चाकाचे कोन आणि छर्रे बघायचे. आणि कॅरियरच्या प्रत्येक बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालायचा, कारण आपल्या रस्त्यांवर साधा नट महिन्याभरात सैल होतो. हवेचं म्हणाल तर टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो. सामान आणायच्या दिवशी मागचं चाक कमालच्या जवळ ठेवा. मऊ टायर असताना खड्डा आला की रिमची कड ट्यूबला दोन जागी चावते आणि शेजारी शेजारी दोन पंक्चर होतात.

स्टँडकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. साइड स्टँडवर सायकल तिरकी उभी राहते आणि सामान चढवता चढवता आडवी होते. दोन पायांचं स्टँड बसवून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

ओझं कुठे ठेवायचं

दूधवाल्याची सायकल पाहा. कॅन कॅरियरच्या वर नसतात, दोन्ही बाजूंना टांगलेले असतात, चाकाच्या मध्याच्या जवळ. वजन जितकं खाली, तितकी सायकल कमी डुलते. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला कधीच सुचली नसती: भरलेला कॅन त्रास देत नाही, अर्धा कॅन देतो. अर्ध्या कॅनमधलं दूध हिंदकळतं आणि प्रत्येक वळणावर सायकलला उशिरा धक्का देतं. म्हणून परतीच्या वाटेवर उरलेलं दूध ते एकाच कॅनमध्ये करतात आणि रिकामे कॅन दुसऱ्या बाजूला लावतात. पाण्याच्या जारचंही तसंच. पूर्ण भरलेला आणा.

गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची सायकल याच्या उलट दिसते. कॅरियरवर मोठी बांबूची टोपली, तिच्यावर प्लास्टिक, आणि सगळं चांगलं उंच. पण पाव हलका असतो. आकार मोठा, वजन थोडं, तर ते वर चालतं. कोथिंबीर, पालेभाजी, पोह्यांचं पाकीट वर, आणि कांदे-बटाटे, पीठ, तेल खाली.

वजन मागच्या एक्सलच्या मागेही फार जाऊ देऊ नका. कॅरियरच्या शेपटाला बारा किलो बांधलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहिल्यासारखं वाटत नाही. ओझं सीटकडे सरकवून बांधा.

हँडलला पिशवी मात्र कधीही नको, अगदी एकही नको. माझ्या हँडलला लटकवलेली टोमॅटोची पिशवी वळताना पुढच्या तारांत गेली. चाक जागीच अडकलं, मी हँडलवरून पुढे फेकली गेले आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. पिशवी दोन किलोचीसुद्धा नव्हती. पुढे काही ठेवायचंच असेल तर हँडलला आणि खाली एक्सलला आधार असलेली बास्केट लावा, आणि तिच्यात तीन-चार किलोंवर घालू नका.

पडशी शिवून घ्या

खांद्यावर टाकायची, पुढे-मागे दोन कप्प्यांची पडशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. सायकलला नेमकी तीच लागते. परदेशी कंपन्यांच्या अशा पिशव्या हजारो रुपयांना मिळतात. पाण्यापासून बचाव त्या उत्तम करतात, पण मंडईतल्या मातीच्या बटाट्यांसाठी मला त्या कधी घ्याव्याशा वाटल्या नाहीत. जाड कॅनव्हास किंवा ताडपत्री घेऊन बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे जा. पुण्यात बोहरी आळीत ताडपत्री, दोऱ्या, पट्टे, कड्या सगळं एका फेरीत मिळतं.

माझ्या पडशीची मापं देते. प्रत्येक कप्पा ३२ सेंटिमीटर रुंद, ३५ खोल, १५ जाड. दोन कप्प्यांना जोडणारी मधली पट्टी कॅरियरच्या रुंदीएवढी, माझ्याकडे १४ सेंटिमीटर. ती पट्टी दुहेरी कापडाची हवी, कारण सगळा भार तिच्यावर येतो. तिला चार कोपऱ्यांत कॅरियरला बांधायचे बंद लावा, नाहीतर एका बाजूचं सामान काढताच अख्खी पडशी दुसरीकडे घसरते. चाकाकडच्या बाजूला आतून कडक पत्रा हवा. चार मिलिमीटरचं प्लायवुड किंवा पन्हळी प्लास्टिकचा तुकडा चालतो. हा पत्रा नसेल तर भरलेली पिशवी आत फुगते आणि तारांना घासते. कप्प्याच्या तळाला एक कडी शिवा आणि तिथून ट्यूबची पट्टी कॅरियरच्या पायाला अडकवा, म्हणजे खड्ड्यात पिशवी वर उडत नाही. झाकण बाहेरच्या बाजूने चार बोटं खाली येईल इतकं लांब ठेवा, पावसात ते लागतं. मागच्या बाजूला चमकणारी पट्टी शिवायला विसरू नका.

शिवायला टाकण्याआधी टाच तपासा. सायकल स्टँडवर घ्या, सीटवर बसा, रिकामी पुठ्ठ्याची खोकी कप्प्यांच्या जागी कुणालातरी धरायला सांगा आणि पेडल उलटं फिरवा. टाच खोक्यापासून दोन बोटं तरी लांब राहिली पाहिजे. लागत असेल तर कप्पा मागे न्या किंवा पुढचा खालचा कोपरा तिरका कापून शिवून घ्या. लहान चणीच्या सायकलींत हे फार वेळा होतं.

शिवणकाम नकोच असेल तर बुरूड आळीत जाऊन कॅरियरच्या मापाची, सपाट तळाची बांबूची टोपली बनवून घ्या. माझी तीन पावसाळे टिकली. दुकानांत भाजीचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात, तेही चालतात, फक्त ते कॅरियरला चार ठिकाणी तारेने पक्के आवळायचे आणि तारेची टोकं आत वळवायची.

बांधणी

मेकॅनिककडे फुकट किंवा पाच-दहा रुपयांत मिळणारी जुनी ट्यूब ही सर्वांत चांगली दोरी आहे. व्हॉल्व्हजवळ आडवी कापा, मग लांबीत उभी चिरून दोन पट्ट्या करा. आतली पांढरी पावडर धुऊन टाका, नाहीतर भाजीला लागते आणि पट्टी घसरते. एका टोकाला गाठ मारून फास करा, तो कॅरियरच्या पायात कायमचा अडकवून ठेवा. अशा दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंना एकेक.

लोखंडी आकड्यांच्या इलॅस्टिकच्या दोऱ्या दुकानात मिळतात, त्या मी वापरत नाही. ताणलेला आकडा सुटला की तो थेट तोंडाकडे येतो. ट्यूबला आकडा नसतो, ती रबराची असल्यामुळे सामानाला चिकटून बसते आणि सामान दबलं तरी ताण सोडत नाही. नायलॉनची दोरी गुळगुळीत म्हणून सैल होते. पोत्याला बांधायला सुंभ चांगला, तो पकडून राहतो.

पट्टी डाव्या पायातून वर आणा, सामानावरून तिरकी उजवीकडे न्या, तिथल्या सळईखालून काढा, पुन्हा तिरकी डावीकडे. सामानावर फुली दिसली पाहिजे. प्रत्येक वेढ्याला पट्टी तिच्या मूळ लांबीच्या दीडपट ताणा. शेवटी सरगाठ मारा, निरगाठ नको. एका हाताने ओढून सुटेल अशी गाठ असली की घरी सुरी शोधावी लागत नाही. उरलेलं टोक आत खोचा. लोंबणारं टोक चेनमध्ये किंवा तारांत गेलं तर पुढचं सांगायला नको.

आता परीक्षा. सामानाला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सामान हललं आणि सायकल स्थिर राहिली, तर बांधणी कच्ची. सामानाबरोबर अख्खी सायकल हलली, तर निघा. अर्ध्या किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा बघा, कारण भाजी आणि पोती पहिल्या काही खड्ड्यांत बसतात आणि पट्टी ढिली पडते. मागचा लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर सामानाने झाकला गेला असेल तर संध्याकाळी एक लाल दिवा सामानालाच बांधा.

काही नेहमीची ओझी

दळणासाठी गोल डबा नको. तो कॅरियरवर लोळतो. पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा कॅरियरवर घट्ट बसतो. माझे बाबा आयुष्यभर त्यातच दळण नेत. गहू मात्र त्यात आठ-नऊ किलोच घाला. पीठ गव्हापेक्षा जास्त जागा घेतं, काठोकाठ गहू नेलेत तर पीठ मावत नाही आणि उरलेलं पिशवीत घेऊन यावं लागतं. पीठ गिरणीतून गरम येतं. झाकण लगेच आवळलं तर आत घाम धरतो. दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून, तोंडावर सुती कापड टाकून मग बंद करा, आणि पट्टी झाकणावरूनच न्या.

भाजी घेताना मी क्रम बदलला आहे. आधी कांदे-बटाटे, ते दोन सारख्या भागांत तोलून मागते, म्हणजे दोन्ही कप्प्यांचे तळ तिथेच समतोल होतात. मग कोबी, दुधी, गाजरं. टोमॅटो आणि फळं वर. पालेभाजी सगळ्यात शेवटी, मधल्या पट्टीवर आडवी. दोन बाजूंत किलोभराचा फरक चालतो. त्याहून जास्त झाला की हँडल सतत एका बाजूला ओढत राहतं आणि खांदा भरून येतो.

अंडी ट्रेमध्ये, वर दुसरा रिकामा ट्रे पालथा, दोन्ही सुतळीने एकत्र बांधून कॅरियरवर मऊ पोत्यावर. मी असे साठ-सत्तर वेळा तरी ट्रे आणले असतील. फुटली ती फक्त एकदा, जेव्हा खाली पोतं नव्हतं.

वीस लिटरचा जार एकटा आणायचा तर कॅरियरवर आडवा, तोंड पुढे सीटकडे, खाली दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, वर ट्यूबच्या दोन फुल्या. दोन जार दोन बाजूंना टांगायला जाड सळईचे आकडे लागतात. फॅब्रिकेशनवाला करून देतो, पण चाळीस किलो आपल्या साध्या कॅरियरचं काम नव्हे. भरलेला सिलिंडर मी आणत नाही. ते काम आकडे लावलेल्या सायकलींचं आणि रोज ते करणाऱ्यांचं आहे.

पाइप, पडद्याचे दांडे यांसारख्या लांब वस्तू आडव्या कधीच नकोत. चार-पाच फुटांपर्यंतची वस्तू दांडीला समांतर, गुडघे लागणार नाहीत अशी बांधता येते, मागच्या टोकाला लाल फडकं. त्याहून लांब असेल तर सायकल हातात धरून चालत या.

चालवताना

भरलेल्या सायकलवर चढताना ब्रेक दाबून धरा, सायकल थोडी आपल्याकडे कलवा, पाय पुढून टाका. गिअर असतील तर सुरुवात हलक्या गिअरवर. पहिली दोन-तीन पावलं हँडल लटपटतं, तेव्हा मागे वळून बघू नका.

ब्रेक लवकर आणि दोन्ही एकाच वेळी लावा. पंधरा किलो मागे असताना थांबायला जास्त अंतर लागतं. पावसात तर ओल्या रिमवर पहिलं दाबणं फक्त पाणी पुसण्यात जातं. उतारावर आधीपासून थोडा थोडा ब्रेक धरून ठेवा. गतिरोधकावर सरळ जा, तिरकं नको, आणि चाक चढायच्या क्षणी सीटवरून किंचित उठा. सगळं वजन मागच्या रिमवर आदळत नाही, तारा वाचतात.

रस्ता निवडताना जवळचा नको, सपाट आणि निवांत निवडा. मंडईतून कोथरूडकडे येताना मी सकाळी सातच्या सुमाराला निघते. तेव्हा लक्ष्मी रस्ता मोकळा असतो, आणि कर्वे रस्त्याचा जो चढ रिकाम्या सायकलवर जाणवतही नाही तो बारा किलो मागे असताना चांगला जाणवतो, पण मागून बस हॉर्न देत नसते. तोच रस्ता अकरा वाजता वेगळा. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. दम लागला तर उतरा आणि ढकला. ढकलताना सायकलच्या डाव्या बाजूने चाला, म्हणजे वाहनं आणि आपण यांच्या मध्ये सायकल राहते.

याहून जास्त सामान असेल, म्हणजे तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा आणि वर किराणा, तर दोन खेपा करा. डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये पुढे पेटी असलेल्या लांब सायकली बऱ्याच कुटुंबांकडे दिसतात. आपल्या अरुंद गल्ल्यांत आणि जिन्याखालच्या जागेत त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न मला सुटलेला नाही. चढ जास्त असलेल्या भागात राहत असाल तर विजेवर चालणाऱ्या सायकलचा विचार जरूर करा. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही.

दारात पोचल्यावर

बरेच जण इथे सांडतात. ट्यूबचं एक छोटं कडं कापून कायम हँडलच्या मुठीवर ठेवा. थांबल्यावर ब्रेक दाबा आणि ते कडं ब्रेकच्या दांडीवर ओढून घ्या. चाक जागचं हलत नाही. मग डबल स्टँड. सामान काढताना एक कप्पा पूर्ण रिकामा करू नका, थोडं डावीकडचं, थोडं उजवीकडचं. वरची पालेभाजी आधी, जड कांदे शेवटी. पट्ट्या घरात नेऊ नका, कॅरियरलाच गुंडाळून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी अचानक चार नारळ घ्यावेसे वाटले तरी बांधायला काहीतरी असतं.